विंडोज १० वरून ११ वर जायचं का? आधी हे तपासा, मग बटण दाबा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे आता बहुतेकांना माहितीये, स्क्रीनवर मेसेज येऊन येऊन तारीख पाठ झालीये. तरी लोक दोनच गोष्टी करताना दिसतात. एकतर मेसेज आला की ‘डाउनलोड अँड इन्स्टॉल’ दाबून मोकळे होतात, नाहीतर ‘चाललंय ना, कशाला हात लावा’ म्हणून सोडून देतात. दोन्हीकडे मुळात ठरवलं असं काही जात नाही.

आणि जे तपासतात ते पण उलट्या टोकाकडून सुरू करतात. ‘माझ्या कॉम्प्युटरला ११ झेपेल का’ हा प्रश्न पहिला विचारतात. तो खरंतर नंतरचा प्रश्न आहे. पहिला हा, की या मशीनवर असं कोणतं काम आहे जे उद्या सकाळी चाललं नाही तर तुमचं अडेल. त्याचं उत्तर मिळालं की बाकीचा निर्णय बराचसा आपोआप होतो, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला एखादा उडवू नका.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही. सुरू होतो, इंटरनेट चालतं, प्रिंट निघते. फक्त विंडोजमध्ये नवीन सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट येत नाहीत. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, म्हणजे डिफेंडरला, व्हायरस ओळखायची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण त्याने मूळ सिस्टिममधलं भोक बुजत नाही, त्यामुळे ‘अँटिव्हायरस आहे ना’ हे उत्तर पुरेसं नाही. अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट पण त्याच दिवशी संपलाय. म्हणजे विंडोज बदललं तरी तुमचं जुनं एक्सेल जुनंच राहणार, त्याचा विचार वेगळा करावा लागेल.

टप्पा १: आत्ता मशीनमध्ये काय आहे ते बघा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, डावीकडे सगळ्यात खाली अबाउट आहे. त्या एकाच पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, ३२ बिट की ६४ बिट, होम की प्रो, आणि व्हर्जन नंबर असं सगळं मिळतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. स्क्रीनशॉट नको, कारण तो त्याच मशीनमध्ये राहतो आणि मशीन चालू होत नसेल तेव्हाच तो हवा असतो.

व्हर्जन २२एच२ असायला हवं, ते १० चं शेवटचं व्हर्जन. त्याच्या आधीचं काही दिसत असेल तर आधी अपडेट करून २२एच२ वर या, ११ वर जा किंवा १० वर राहा, दोन्हीसाठी ते बरं आणि राहायचं असेल तर कंपल्सरीच आहे.

सिस्टिम टाइपमध्ये ३२ बिट लिहिलंय? मग सरळ अपग्रेड होणारच नाही. विंडोज ११ ला ३२ बिटचं व्हर्जनच नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी नव्याने इन्स्टॉल करावं लागेल, म्हणजे सगळे प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागतील.

आता ॲक्टिव्हेशन. सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग ॲक्टिव्हेशन. तिथे डिजिटल लायसन्स असं दिसलं तर उत्तम, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर अजून उत्तम. पण घरच्या किंवा दुकानातल्या मशीनवर ‘तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने ॲक्टिव्हेट केलंय’ अशा अर्थाची ओळ दिसली, आणि तुमची अशी कुठलीच ऑर्गनायझेशन नाही, तर असेंबल करून देणाऱ्याने क्रॅक मारलेलं आहे. त्यावर अपग्रेड करायच्या भानगडीत पडू नका, त्या क्रॅकसोबत अजून काय काय आत आलंय ते सांगता येत नाही. त्या मशीनला डेटा बाजूला काढून स्वच्छ इन्स्टॉल (डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकणं) आणि खरं लायसन्स हाच रस्ता.

टप्पा २: कामाची यादी करा, आणि हाच टप्पा सगळे उडवतात

कागद घ्या. खरंच कागद घ्या. या मशीनवर महिन्याभरात काय काय होतं ते लिहा, आणि प्रोग्रॅमची नावं आठवत बसू नका, कामं लिहा. ‘जीएसटी रिटर्न भरतो’, ‘पावत्या छापतो’, ‘सातबारा काढतो’, ‘पोराचा ऑनलाइन क्लास’, ‘लग्नपत्रिका डिझाइन’. मग प्रत्येक कामासमोर लिहा की त्याला कोणता प्रोग्रॅम लागतो आणि बाहेरून कोणती वस्तू जोडावी लागते.

अडचण बहुतेक वेळा त्या शेवटच्या रकान्यात असते. क्रोम, व्हीएलसी, झूम वगैरेंची काळजी करू नका, ती चालतात. अडतात ती ही मंडळी:

डिजिटल सिग्नेचरचं टोकन. सही त्या यूएसबी टोकनमध्येच असते, ती जात नाही, पण टोकनचा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू विंडोजला ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) आणि पोर्टलवर सही करायला लागणारी युटिलिटी, जसं जीएसटीसाठीचं एमसाइनर, ही मशीनमध्ये असतात. ज्याच्याकडून टोकन घेतलं त्याच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का ते आज बघा आणि डाउनलोड करून ठेवा. टोकनचा पासवर्ड आठवतोय ना हे पण बघा. अपग्रेडनंतर चिडून चुकीचा पासवर्ड सारखा सारखा टाकला की टोकन लॉक होतं, आणि मग खापर विंडोजवर फुटतं.

अंगठ्याचं मशीन. सेतू केंद्र, रेशन, बँक मित्र, ज्यांच्याकडे आधारचं फिंगरप्रिंट डिव्हाइस आहे त्यांना ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा आधारकडे सुरक्षित पाठवणारा प्रोग्रॅम) दोन्ही लागतात. दोन्हीचं ११ वरचं व्हर्जन आहे का ते बघायचं, एक असून उपयोग नाही.

जुना प्रिंटर. डॉट मॅट्रिक्स, पासबुक प्रिंटर, बारकोड प्रिंटर, दहा वर्षांपूर्वीचा लेझर. मॉडेल नंबर प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरून घ्या, पुढे छापलेलं नाव बऱ्याचदा अर्धवट असतं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलला ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का एवढंच शोधायचं.

इंटरनेट एक्सप्लोररवर चालणाऱ्या साइट. विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर नाही, एजमध्ये आयई मोड म्हणून सोय आहे. ती १० वर पण आहे, म्हणजे अपग्रेडच्या आधीच तुमची ती जुनी साइट आयई मोडमध्ये उघडून, लॉगिन करून, एक प्रिंट काढून बघता येते. बघाच.

मराठी टायपिंग. हे जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे इथे हमखास गोंधळ होतो. श्रीलिपी, आयएसएम अशा पॅकेजची जुनी व्हर्जन वापरत असाल, त्यातही यूएसबीचं लॉक लावून चालणारी, तर विक्रेत्याला फोन करून विचारा की हेच व्हर्जन ११ वर चालतं का. ‘चालायला पाहिजे’ असं उत्तर आलं तर ते नाही असं धरा. आणि गुगल इनपुट टूल्सचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं व्हर्जन अजून खूप जण वापरतात, ते गुगलने देणं कधीच बंद केलंय, त्यामुळे फॉरमॅट मारला की अधिकृत ठिकाणाहून ते परत मिळणार नाही. त्याला पर्याय म्हणजे विंडोजमध्येच असलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड. तो १० मध्ये पण आहे, आजच लँग्वेजमध्ये जाऊन लावा आणि आठवडाभर टाइप करून बघा, ‘ज्ञ’ आणि ‘ॲ’ कुठून येतो ते अपग्रेडच्या आधीच बोटांना कळू दे.

जुने फॉन्ट पण यात आले. वीस वर्षांची पत्रं, दाखले, मॅटर कृतिदेव किंवा तसल्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर फॉन्ट नसताना ती फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अपग्रेडमध्ये फॉन्ट राहतात, स्वच्छ इन्स्टॉलमध्ये जातात. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून लागणारे फॉन्ट कॉपी करून पेनड्राइव्हवर घ्या.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘११ वर चालतं’, ‘चालत नाही’ किंवा ‘माहीत नाही’ यातलं एक लिहिलंय का? एक जरी ‘माहीत नाही’ उरलं आणि ते काम पोटापाण्याचं असेल तर पुढे जाऊ नका, आधी ते मिटवा.

टप्पा ३: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

अपग्रेड करायचं ठरलेलं नसलं तरी हा टप्पा करायचाच. कारण निर्णय काहीही झाला तरी डेटा मशीनबाहेर असणं गरजेचंच आहे.

एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या. डी ड्राइव्हवर कॉपी केलं म्हणजे बॅकअप झाला असं मानणारे लोक अजून भेटतात. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात.

डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे सगळे घेतात. सुटतं ते हे: टॅलीचा डेटा, जो बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच, सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि डेटाचा पाथ कुठला दिसतो तो लिहून ठेवा. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे जिच्यात मेल साठतात ती. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड. बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटाबेस, त्याचा बॅकअप कसा घ्यायचा हे त्या सॉफ्टवेअरवाल्यालाच विचारा, नुसतं फोल्डर कॉपी करून नंतर ते उघडत नाही असं होऊ शकतं. आणि प्रत्येक प्रोग्रॅमची लायसन्स की.

सावधान: वनड्राइव्हवर हिरवी टिक दिसतेय म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका. ते सिंक आहे. इथे डिलीट झालं की तिथेही डिलीट होतं, रिसायकल बिनमध्ये काही दिवस राहतं एवढंच. फुकटात जागाही ५ जीबीच मिळते, ती भरली की सिंक थांबतं आणि तो मेसेज कोणी वाचत नाही.

तपासा: हार्डडिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यातल्या चार-पाच फाइल उघडा, एक एक्सेल, एक फोटो, एक पीडीएफ. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं.

टप्पा ४: आता बघा, झेपतं का

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे, ते त्यांच्या साइटवरूनच घ्या आणि चालवा. ‘हो’ आलं तर झालं. ‘नाही’ आलं तर लगेच निराश होऊन नवीन लॅपटॉपच्या किमती बघायला लागू नका, कारण त्या ‘नाही’चे दोन प्रकार असतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला प्रकार, प्रोसेसरच जुना आहे. इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे चालतात. नावातला डॅशनंतरचा आकडा बघा, आय५-७२०० म्हणजे सातवी, आय५-८२५० म्हणजे आठवी, आय३-१०११० म्हणजे दहावी. एएमडीत रायझेन २००० सिरीजपासून पुढे, पण २००० मधलेही सगळे नाहीत, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या यादीत आपलं पूर्ण नाव शोधा. इथे ‘नाही’ असेल तर ते खरं ‘नाही’ आहे.

दुसरा प्रकार, सगळं आहे पण बंद आहे. प्रोसेसर यादीत आहे आणि तरी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) नाही किंवा सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही म्हणून नापास केलंय, हे असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर फार दिसतं. टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं, इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडेल, एएमडीवर एफटीपीएम नावाने. ते चालू केलं की काम होतं.

सावधान, आणि हे दोनदा वाचा: बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (अख्खी डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर रिकव्हरी की, ४८ आकड्यांची असते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. नाहीतर बायोसमधून बाहेर आल्यावर निळी स्क्रीन ती की मागते, आणि की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा तुम्हाला, दुकानदाराला, कोणालाच मिळत नाही.

सिक्युअर बूटचं जरा जास्त नाजूक आहे. जुन्या पद्धतीने, लेगसी मोडमध्ये विंडोज टाकलेलं असेल तर डिस्क एमबीआर पद्धतीची असते (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत, नवी ती जीपीटी). डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क शून्यवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे एमबीआर की जीपीटी ते लिहिलेलं असतं. एमबीआर असेल आणि तुम्ही व्हिडिओ बघून थेट बायोसमध्ये लेगसी बंद करून यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) चालू केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. घाबरू नका, परत लेगसी केलं की येतं. पण बरोबर क्रम असा आहे: बॅकअप, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने आधी नुसतं व्हॅलिडेट, ते पास झालं तर कन्व्हर्ट, आणि त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय. व्हॅलिडेट नापास झालं, बहुतेकदा डिस्कवर पार्टिशन जास्त असल्यामुळे होतं, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

रॅम आणि डिस्कबद्दल. कागदावर कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज म्हटलंय. ४ जीबीवर ११ लागतं पण चालवायला जीव जातो, माझ्या मते ८ जीबी नसेल तर अपग्रेडचं नाव काढू नका. आणि फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. कित्येकदा ‘१० फार स्लो झालंय म्हणून ११ टाकायचंय’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना खरंतर एसएसडी हवी असते, ११ टाकून ते मशीन अजून रडायला लागेल.

टप्पा ५: ठरवा

आता तुमच्या हातात कामाची यादी आहे, बॅकअप आहे आणि हार्डवेअरचं खरं उत्तर आहे. यातून चारच गोष्टी निघतात.

*यादी चालते आणि मशीनही चालतं.* मग जा ११ वर. खऱ्या लायसन्सच्या १० वरून फुकट आहे. थांबण्यात काही फायदा नाही.

*मशीन चालतं पण यादीतली एखादी गोष्ट अडते.* इथे लोक चुकतात, एका जुन्या प्रिंटरसाठी अख्खं मशीन धोक्यात ठेवतात किंवा उलट, अपग्रेड करून तो प्रिंटर अडगळीत टाकतात आणि नंतर पावत्या कशावर छापायच्या म्हणून बसतात. अडणारी वस्तू बदलायला किती खर्च येईल ते आधी विचारा. परवडत नसेल तर १० वर राहा आणि ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट, घ्या, त्याबद्दल खाली सांगितलंय.

*यादी चालते पण मशीन जुनं आहे.* ईएसयू घेऊन त्याची मुदत संपायच्या आत नवीन किंवा सेकंडहँड मशीनची सोय करा. सेकंडहँड घेताना आठव्या जनरेशनच्या खालचं घेऊ नका, बाजारात सहावी-सातवीचे लॅपटॉप स्वस्तात दिसतात ते याचमुळे. मशीन फक्त ब्राउझर, मेल आणि व्हिडिओला लागत असेल तर लिनक्स मिंट टाकून ते आरामात चालतं, पण टॅली, टोकन, अंगठा असलं काही असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

*दोन्ही नाही.* मग ते मशीन इंटरनेटवरून काढा आणि त्या एकाच कामाला ठेवा. फ्लेक्सच्या दुकानातलं जुन्या कोरलवालं मशीन असंच चालवतात. पेनड्राइव्ह मात्र दर वेळी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून मगच लावायचा.

ईएसयू म्हणजे १० साठीचे वाढीव सुरक्षा अपडेट, घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल म्हणून लिंक दिसते. तीन रस्ते आहेत: सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सिंक केल्या तर फुकट, १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा एकदाच ३० डॉलर. एका अकाउंटवर १० मशीनपर्यंत चालतं. यात फक्त सुरक्षेचे पॅच येतात, नवीन काही नाही. लोकल अकाउंट वापरत असाल तर यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच. कंपनीच्या डोमेनवरच्या मशीनला हे चालत नाही, त्यांचं वेगळं आणि बरंच महाग आहे.

आणि तो युट्यूबवरचा उपाय, न चालणाऱ्या मशीनवर तपासणी चुकवून ११ टाकायचा? होतं ते, खोटं नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, आणि दरवर्षीचं मोठं व्हर्जन आलं की तोच खटाटोप पुन्हा. शिकायला, खेळायला करा. ज्यावर गिऱ्हाइकांचा हिशोब आहे त्यावर नको.

टप्पा ६: अपग्रेडच्या आदल्या दिवशी

दिवस नीट निवडा. अकाउंटचं काम असेल तर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास नको, मार्च एंडला नको, ३१ जुलैच्या आठवड्यात तर अजिबात नको. शनिवारी सकाळी सुरू करा, म्हणजे काही झालं तर दुकानं उघडी असतात आणि रविवार हातात असतो. रात्री नऊ वाजता ‘पटकन करून टाकू’ नको.

सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी ठेवा. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर काढून टाका, त्याची की लिहून घेऊन. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून बायोसचं नवं व्हर्जन आहे का बघा, असेल तर ते आधी करा, आणि ते चालू असताना लाइट जाता कामा नये, चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ओळखीच्या कोणाचा तरी एका दिवसासाठी मागून आणा.

वायफाय आणि नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. अपग्रेडनंतर नेटच आलं नाही तर ड्रायव्हर नेटवरून कसा घेणार?

फॉरमॅट करून टाकणार असाल तर टॅलीसारख्या प्रोग्रॅमचं लायसन्स आधी सरेंडर करा. आणि स्वच्छ इन्स्टॉलला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, त्याचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल जवळ हवा, तो नंबर बंद पडलेला नाही ना हे आधी बघा.

टप्पा ७: अपग्रेड

टोकन, प्रिंटर, पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्डडिस्क सगळं काढा. बॅकअपची डिस्क तर नक्की काढा. माउस, कीबोर्ड, मॉनिटर, नेटची केबल एवढंच ठेवा.

विंडोज अपडेटमध्ये ११ दाखवत असेल तर तिथूनच घ्या. दाखवत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं इन्स्टॉलेशन असिस्टंट. तिसऱ्याच साइटवरून आयएसओ (विंडोज इन्स्टॉल करायची अख्खी फाइल) घेऊ नका, कोणी पेनड्राइव्हवर ‘ॲक्टिव्हेटेड ११’ आणून दिलं तरी नको. डाउनलोड काही जीबींचं असतं, मोबाइल हॉटस्पॉटवर बसू नका.

आयएसओने करत असाल तर एक स्क्रीन विचारते काय ठेवायचं. फाइल आणि ॲप्स दोन्ही ठेवा हा पर्याय निवडलेला दिसला पाहिजे. तो करडा, दाबता न येणारा दिसत असेल तर थांबा, बहुधा भाषा किंवा एडिशन जुळत नाहीये, होमच्या मशीनला होमच लागतं. ‘काही नाही ठेवायचं’ वर घाईत नेक्स्ट मारलेली माणसं नंतर डेटा रिकव्हरीवाल्याकडे रांगेत असतात.

मग ते चालू द्या. चारदोन वेळा रिस्टार्ट होईल, एका टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखं वाटेल. पॉवरचं बटण दाबून बंद करणं हा सगळ्यात मोठा घात आहे. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

टप्पा ८: पहिला तास आणि पुढचे दहा दिवस

सुरू झालं की लगेच रंग, वॉलपेपर, स्टार्ट मेनू यात रमू नका. टप्पा २ चा कागद काढा आणि वरून खाली एकेक काम खरंच करून बघा. टोकन लावून पोर्टलला लॉगिन. अंगठा. एक पावती छापा. टॅली उघडून बॅलन्स बघा. मराठीत दोन ओळी टाइप करा, जुन्या फॉन्टची एक फाइल उघडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे दिसतंय का बघा, दिसलं तर कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर, ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर अजिबात नाहीत. जुन्या लॉक-डोंगलचा ड्रायव्हर घेतच नसेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनच्या पानावर मेमरी इंटिग्रिटी कोणत्या ड्रायव्हरबद्दल तक्रार करतेय ते वाचा, तिथे फाइलचं नाव मिळतं आणि विक्रेत्याला फोनवर नेमकं सांगता येतं. ती सेटिंग कायमची बंद करून टाकणं हा उपाय नव्हे.

परत १० वर जायची सोय सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ नावाने असते, फक्त दहा दिवस. त्यासाठी सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं मोठं फोल्डर असतं आणि जागा भरलेली दिसली की लोक डिस्क क्लीनअप करून तेच उडवतात. ते गेलं की परतीचा रस्ता गेला. दहा दिवस कमी वाटत असतील तर विंडोजमधल्याच डिझम (DISM) नावाच्या कमांडने मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र दहा दिवस संपायच्या आत. परत गेलात तर फाइल राहतात, पण ११ वर आल्यावर टाकलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून या काळात नवीन काही भरू नका.

ऑफिसात चारपाच मशीन असतील तर सगळी एका शनिवारी करू नका. ज्याच्यावर सगळ्यात कमी काम आहे ते आधी करा, अपग्रेड झाल्या झाल्या गो बॅकची मुदत ६० दिवस करून घ्या, आणि त्यावर एक पूर्ण महिना जाऊ द्या, ११ तारीख, २० तारीख, पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, सगळं एकदा होऊन जाऊ दे. कागदावरच्या सगळ्या ओळींवर टिक आली की मग दुसरं मशीन, आणि टोकनवालं सगळ्यात शेवटी.